नटवलेली माती

नानांनी आयुष्यात एकच चोरी केली, आणि तीही स्वतःच्याच परसातून. चोरलं काय, तर अर्धा किलो माती. पण ती अर्धा किलो माती त्यांना अशी काही अंगाशी आली की पुढे दोन महिने या माणसाला अन्न गोड लागलं नाही.

त्याचं असं झालं, नानांचे जावई माती तपासायच्या नोकरीत होते. बाजाराच्या आवारात धान्याच्या गोदामाला लागून एक लांबट खोली होती. तिथं वर्षभरापूर्वी माती परीक्षणाचं केंद्र निघालं आणि जावयांची नेमणूक झाली. खोलीत एक टेबल, बाटल्या गदागदा हलवणारं एक यंत्र, स्टँडला अडकवलेल्या काचेच्या नळ्या, आणि भिंतीभर फळ्यांवर मातीच्या पिशव्या. लोकांनी जावयांचं नाव पाडलं मातीसाहेब. माणूस अबोल, पण खोटं बोलणं माहीत नाही. नानांची एकुलती एक लेक, चिमणी, त्यांना दिलेली. लग्नाला दोन वर्षं झाली तरी जावई दारात दिसले की नाना सदरा सारखा करत उभे राहायचे. शिकलेला जावई म्हणजे घरात कायमची परीक्षा, असं त्यांना मनातून वाटायचं.

नानांची शेतं दोन. वरचं शेत झकास, त्याचं नाव काढायला नको. खालचं शेत मात्र रस्त्याला लागून, सखल, चुनखडीचं. पाऊस झाला की तिथं पाणी आठ-आठ दिवस हटत नाही, आणि सोयाबीन दरसाल थोडंफार पिवळं पडतं. चिमणीचं लग्न जमवताना पाहुण्यांना शेत दाखवायची वेळ आली तेव्हा नानांनी सगळ्यांना वरच्या शेतातच तासभर फिरवलं आणि खालचं तसंच आहे म्हणून सांगून मोकळे झाले. म्हणजे सवय जुनीच.

पेरणीला दीड-दोन महिने असताना एका दुपारी जावई कापडी पिशवी आणि एक छापील कागद घेऊन आले. सगळ्यांची माती तपासतो आणि घरच्याच शेताची राहिली, तेवढी खालच्या शेतातली द्या, म्हणाले. माती कशी काढायची तेही त्यांनी नीट समजावलं. शेतात नागमोडी चालायचं, दहा ठिकाणी वीतभर खोल खड्डा घ्यायचा, सगळी माती एकत्र करून तिचे चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे, असं करत करत अर्धा किलो उरवायची. बांधावरची घ्यायची नाही, झाडाखालची नाही, उकिरड्याजवळची तर अजिबात नाही. नाना प्रत्येक वाक्याला मान डोलवत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुदळ घेऊन नाना खालच्या शेतात गेलेही. पहिला खड्डा घेतला. आत पांढरे चुनखडे, दगडासारखी ढेकळं, आणि मूठ भरून घेतली तर हाताला नुसता खरखरीतपणा. नाना त्या मुठीकडे बघत राहिले. ही माती जावई टेबलावर पसरणार, चार लोकांदेखत. वर कागदावर लिहूनही ठेवणार! साधा फोटो काढायचा म्हटला तरी माणूस भांग पाडून जातो, आणि आपण ही अशी विस्कटलेली माती जावयाच्या हातात द्यायची? नानांचं मन काही धजेना.

घरामागं नानींचा भाजीचा वाफा होता. वीस वर्षं त्यात घरातलं सगळं कुजत गेलेलं. माती काळीभोर, हातात घेतली की भुरभुर सुटणारी. नानांनी इकडंतिकडं बघितलं आणि तिथली दोन ओंजळी माती उचलली. मग नानींची पिठाची चाळणी घेऊन ती तीनदा चाळली. एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं, पण हौसेला मोल नसतं. मूठभर जुनं शेणखतही वर मिसळलं. पिशवीत भरून चिठ्ठीवर ठळक अक्षरात लिहिलं, खालचं शेत. नानींनी चाळणी कुठं गेली म्हणून घर डोक्यावर घेतलं तेव्हा नाना पेपरात तोंड घालून बसले होते.

महिन्याभराने अहवाल द्यायला जावई स्वतः आले. एरवी दोन शब्द बोलायचे तर एक गिळणारा माणूस, पण त्या दिवशी चेहरा फुलला होता. म्हणाले, नाना, इतकी भरलेली माती मी क्वचितच पाहिली, तुम्ही राखलीत म्हणायची. नानांची छाती दोन बोटं वर आली. खरं सांगायचं तर त्या क्षणी आपण ती माती कुठून आणली हे ते स्वतःही विसरले होते. कागदावर ओळीनं लिहिलं होतं: सेंद्रिय कर्ब भरपूर, स्फुरद भरपूर, लोह आणि जस्त पुरेसं. शेणखताची गरज नाही, मिश्रखत नेहमीच्या निम्मं, युरिया नको, फक्त बियाण्याला जिवाणूंची पावडर चोळा.

नानींनी तो कागद कपाटाच्या दारावर चिकटवून टाकला आणि तिथून खरा घोळ सुरू झाला. पेरणीच्या तोंडावर नाना शेणखताची गाडी जुंपायला निघाले तर नानी कमरेवर हात ठेवून दारात. जावयांनी तपासून लिहिलंय, तुम्ही काय जास्त शिकलात का, असं त्यांचं म्हणणं. नाना म्हणाले, थोडं टाकलं तर काय बिघडतं? नानींनी कागदावर बोट ठेवलं. आता या बाईला सांगायचं काय? खरं सांगायची सोय नव्हती. नानांनी स्वतःची समजूत घातली, की परस काय आणि शेत काय, एकाच घरची माती, एवढा काय फरक पडणार! आणि खालचं शेत त्या वर्षी जवळजवळ उपाशीच पेरलं गेलं.

फरक पडला. उगवण बरी झाली, पण महिना भरायच्या आत पानं पिवळी पडायला लागली. शिरा हिरव्या आणि मधली जागा पिवळी, जणू कुणी हिरव्या दोऱ्यानं पिवळ्या कापडावर टाके घातलेत. दरसाल थोडी झाडं अशी व्हायची. या खेपेला अख्खं शेत. त्यात रस्त्याच्या कडेला. बाजाराला जाणारा येणारा प्रत्येक माणूस सायकलवरून मान वळवून बघायचा आणि पुढे जाऊन बोलायचा.

नानांच्या हिशेबी पिवळं म्हणजे भुकेलं, आणि भुकेल्याला युरिया. एके दिवशी पहाटे, नानी उठायच्या आत, त्यांनी गुपचूप जाऊन युरिया फेकला. आठवड्यात झाडं उंच झाली खरी, पण लुकडी, आणि नवीन पानं तर पार पांढरट निघाली. आजारी माणसाला ताकदीचं औषध द्यावं आणि त्यानं अंथरूण धरावं, तसं झालं. नानांनी त्या बाजूनं चालणंच सोडून दिलं.

बाजारात खताचं दुकान होतं. दुकानदाराला सगळे खतवालाच म्हणत. केंद्र निघाल्यापासून त्याचं गिऱ्हाईक निम्म्यावर आलेलं, कारण मातीसाहेबांच्या कागदावर कुणालाच फारसं खत लिहिलेलं नसायचं. त्याला आयतीच संधी मिळाली. दुकानाच्या पायरीवर बसून तो येणाऱ्याला विचारायचा, काय, सासऱ्याच्या शेतात मातीसाहेबांनी हळद लावलीय का? लोक हसायचे. नुसते हसून राहिले असते तरी ठीक, पण त्यांच्या स्वतःच्या शेतातही तीच गत होती. कागदावर भरपूर, आणि रानात पिवळं.

मग एक दिवस जावई शेतात आले. इस्त्रीच्या पँटनं सरळ चिखलात गुडघे टेकले. एक झाड मुळासकट अलगद काढलं, साचलेल्या पाण्यात धुतलं आणि मुळं तळहातावर पसरली. सोयाबीनच्या मुळांवर मोहरीएवढ्या, ज्वारीएवढ्या गाठी असाव्या लागतात. त्यात जिवाणू राहतात आणि हवेतलं नत्र धरून झाडाला पुरवतात. इथं मुळं नुसती पांढऱ्या दोऱ्यांसारखी, एकसुद्धा गाठ नाही. जावयांनी चार ठिकाणची झाडं काढली. सगळीकडे तेच.

वरून काही टाकलं होतं का, असं त्यांनी हळूच विचारलं. नाना म्हणाले, छे.

जावयांनी ती मुळं परत एकदा पालथी करून बघितली. मग म्हणाले, "म्हणजे माझंच चुकलंय." आणि पायातला चिखलही न झटकता रस्त्याला लागले.

खरं तर नानांचा जीव भांड्यात पडायला हवा होता. सुटलो की! पण त्या रात्री पुढ्यातली भाकरी तशीच राहिली.

चौथ्या दिवशी चिमणी एकटीच माहेरी आली. आल्या आल्या आईला भेटली नाही, ओट्यावर नानांशेजारी बसली. तिचे डोळे रडून सुजले होते. तिनं सांगितलं ते असं. मुख्य कार्यालयातून आधीच पत्र आलं होतं. तुमच्या भागातल्या मातीचे आकडे इतके चांगले आहेत की ते खरे असणं शक्य नाही, यंत्र तरी बिघडलंय किंवा तपासणाऱ्याचा हात तरी, असं त्यात लिहिलेलं. यंत्र तपासायला माणूस येऊन गेला. यंत्र ठणठणीत निघालं. मग राहिला हात.

हात म्हणजे काय ते नानांना माहीत होतं, त्यांनी एकदा खोलीत बसून बघितलं होतं. मातीत कर्ब, म्हणजे कुजलेल्या पालापाचोळ्याचा अंश, किती आहे ते काढायला काचेच्या नळीतून एकेक थेंब सोडावा लागतो. खालच्या बाटलीतलं जांभळट पाणी एका थेंबासरशी हिरवं होतं, आणि नेमक्या त्याच थेंबाला थांबायचं असतं. एक थेंब इकडं की तिकडं झाला की उत्तर गेलं. जावई श्वास रोखून उभे असायचे तेव्हा.

"हे आता चहाचा कप धरला तरी कपाकडे बघत नाहीत नाना, हाताकडे बघतात. थरथरतोय का ते बघत राहतात. घरात हसणं तर सोडाच, बोलत नाहीत," चिमणी म्हणाली. "बदलीचा अर्ज लिहिलाय. गोदामात पोती मोजायचं काम मागितलंय, लांब कुठंतरी. म्हणतात, माझ्या हातावर लोकांची शेतं नकोत. सोमवारी देणार आहेत."

नानांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. वेड्या माणसा, हीच वेळ होती! पण लेकीसमोर चाळणीची गोष्ट सांगायची म्हणजे तिच्या मनातला बाप धुळीला मिळवायचा, असं त्यांना वाटलं. आणि ते मूग गिळून बसले. चिमणी गेल्यावर मात्र त्यांना स्वतःची इतकी चीड आली की कुदळ उचलून ते परसात गेले, आणि मग परसात उभं राहून काय करायचं ते न सुचल्यामुळे परत आले.

एक जावयाची नोकरी, एक लेकीचं घर, आणि समोर काय, तर एका म्हाताऱ्याचा तोरा. तराजूत घालायलाही लाज वाटावी अशी गोष्ट. नानांनी रविवारभर विचार केला आणि सोमवारी सकाळी सकाळी निघाले. मनाशी ठरवलं की जावयांना एकट्याला गाठायचं, दार लोटून घ्यायचं आणि सांगून टाकायचं. बाहेर कुणाला कळायचं कारण नाही.

पण खोलीत पाऊल टाकलं तर आत सातआठ माणसं. प्रत्येकाच्या हातात पिवळं झाड, मुळांना चिखल. खतवाला सगळ्यांच्या पुढे. यंत्र कोपऱ्यात आपलं गदागदा हलत होतं आणि कुणीतरी मोठ्या आवाजात विचारत होतं, की आमचं पीक गेलं त्याचं काय? टेबलामागं जावई उभे होते. त्यांच्यासमोर तो अर्ज पडला होता, आणि त्याच्यावरच एकानं आपलं ओलं झाड आपटलं होतं. जावयांनी ते झाड बाजूलाही केलं नव्हतं. ते खाली बघून, अगदी हलक्या आवाजात सांगत होते, की तुमचं म्हणणं बरोबर आहे, यंत्र नीट आहे, चूक माझ्या हाताची आहे. आणि त्यांनी सगळ्यांसमोर हात जोडले.

ते जोडलेले हात नानांना बघवेनात.

"हात खाली करा," नाना म्हणाले. आवाज इतका मोठा निघाला की ते स्वतःच दचकले. "ह्यांचा हात नाही चुकला. ती माती खालच्या शेतातली नव्हतीच. परसातली होती, भाजीच्या वाफ्यातली. मी ती पिठाच्या चाळणीनं तीनदा चाळली, शेणखत घातलं आणि खालचं शेत म्हणून चिठ्ठी लावली. चोर मी आहे."

मग खतवाला जो हसत सुटला तो मांडीवर थापा मारतच. म्हणाला, मातीला पावडर-कुंकू करून पाठवलंत की नाना! दोघंतिघं त्याच्याबरोबर हसले. नानांचे कान तापले, पण ते हलले नाहीत. एकदा तोंडघशी पडल्यावर आता आणखी काय पडायचं राहिलंय, असं त्यांना वाटलं, आणि गंमत म्हणजे कित्येक दिवसांनी त्यांना चक्क भूक लागली होती.

हसू ओसरत आलं तेव्हा भिंतीला टेकलेल्या एका म्हाताऱ्यानं खाकरून घेतलं. तो हातातल्या झाडाची माती उगीच खुडत होता. म्हणाला, त्याची गोठ्यामागची होती. आता इतक्या चांगल्या माणसाला काय खडकाळ माती द्यायची, असं वाटलं म्हणे. त्याच्या शेजारचा त्याच्याकडे बघत राहिला आणि मग म्हणाला, की त्यानं मेव्हण्याच्या शेतातली आणली होती, मेव्हण्याचं शेत चांगलं आहे. तिसऱ्यानं ओढ्यातला गाळ. चौथ्याची खरोखर स्वतःच्या शेतातली होती, पण जिथं दरसाल पीक कमरेएवढं येतं त्या एकाच कोपऱ्यातली. एकेक जण माना खाली घालून बोलत होता, जसा काही मास्तरांनी वर्ग उभा केलाय. दोघं तेवढे खऱ्या मातीचे निघाले, आणि त्या दोघांची झाडं थोडीच पिवळी होती, मुळांवर, बघितलं तर, गाठीही होत्या.

जावयांनी चष्म्यावरून खतवाल्याकडे बघितलं. त्याच्या मळ्याच्या मातीचा अहवाल सगळ्या भागात पहिला आला होता. सगळेच त्याच्याकडे वळले.

"कुंडीतली," खतवाला म्हणाला.

मग जे हसणं उसळलं ते शेजारच्या गोदामात ऐकू गेलं. हमाल काम टाकून दारात बघायला आले. कुणी कुणाच्या पाठीत गुद्दे घालत होतं, कुणी खतवाल्याला, फुलं बरी येतात का, म्हणून विचारत होतं. पीक गेलं म्हणून भांडायला आलेली माणसं, पण अख्ख्या भागात आपल्याइतकेच शहाणे सगळे आहेत हे कळल्यावर त्यांना काय हलकं वाटलं म्हणून सांगू! एकेकानं फळीवरून नवी पिशवी उचलली. म्हाताऱ्यानं जाताना विचारून घेतलं, की वाईट जागची पण घालायची ना? घालायची, जावई म्हणाले. एवढा एकच शब्द ते बोलले.

खोली रिकामी झाली. जावई स्टुलावर बसले, चष्मा काढून टेबलावर ठेवला. नाना शिव्या खायच्या तयारीनं उभे. दोन महिने तुम्ही बघत राहिलात, असं जावई म्हणणार, हे नानांनी धरूनच ठेवलं होतं.

"म्हणजे माझा हात बरोबर होता," जावई म्हणाले.

"बरोबर होता."

"प्रत्येक वेळी?"

"प्रत्येक वेळी बरोबर होता रे बाळा. माझीच माती खोटी होती. तुला ती तसली माती दाखवायची मला लाज वाटली."

लाज बाहेर पडली तेव्हा तिच्यासोबत तो 'तू'ही तोंडातून निसटला. नानांच्या ते लक्षातही आलं नाही. जावयांच्या मात्र आलं. त्यांनी मान वर केली, नानांकडे बघितलं, आणि मग दोन्ही तळव्यांत तोंड लपवून हा एवढा मोठा माणूस रडायला लागला. नाना आधी गोंधळले. मग टेबलाला वळसा घालून गेले आणि त्याच्या डोक्यावरून हात फिरवत उभे राहिले. दोन वर्षांत त्यांनी जावयाला हात लावला नव्हता. केस मऊ होते, चिमणीचे लहानपणी होते तसे. अर्जावरची शाई ओल्या मुळांनी पार पसरली होती आणि दोघांपैकी कुणीच तो कागद उचलला नाही.

थोड्या वेळानं जावई तोंड धुऊन आले आणि पिशवी घेऊन म्हणाले, चला, खालच्या शेतात.

या खेपेला दहा खड्डे नानांनी घेतले. सगळ्यात वाईट जागा, जिथं पाणी साचतं ती, त्यांनी आपण होऊन दाखवली. गोणपाटावर माती एकत्र करायला बसले तेव्हा त्यांची बोटं आपोआप पांढरे चुनखडे वेचून बाजूला टाकायला लागली. जावयांनी त्यांचं मनगट धरलं. राहू दे ते, म्हणाले, तेच तर मला बघायचंय. मग माती चार भागात वाटता वाटता त्यांनी सहज विचारलं, की आणखी काही सांगायचं राहिलंय का.

नानांनी बांधाकडे बघितलं, आभाळाकडे बघितलं. "युरिया," ते म्हणाले.

"किती?"

"पोतंभर." मग जरा थांबून, "दीड."

जावयांनी डोळे मिटून घेतले. पण रागावले नाहीत. तिथंच मांडी घालून त्यांनी नानांना समजावलं, की हे पीक स्वतःचं नत्र स्वतः कमावणारं आहे. मुळांवर गाठी करायच्या, जिवाणू पोसायचे, त्यांच्याकडून नत्र घ्यायचं, हा त्याचा संसार. वरून आयता युरिया मिळाला की ते गाठी करायच्या भानगडीतच पडत नाही. आणि हा पिवळेपणा नत्राच्या भुकेचा नव्हताच, लोहाचा होता. चुनखडीच्या मातीत लोह असून झाडाला उचलता येत नाही, पाणी साचलं की आणखीच नाही, आणि युरियानं उरलंसुरलं बिघडवलं.

नानांनी हे सगळं मन लावून ऐकलं आणि मान हलवली.

"म्हणजे आयतं मिळायला लागल्यावर झाडानं कमावणंच सोडलं. घरजावई झालं म्हणायचं."

बोलून गेल्यावर आपण हे कुणासमोर बोललो ते त्यांना कळलं आणि त्यांनी मातीच्याच हातानं तोंड झाकलं. नानांच्या मिशीला चुनखडी लागली होती. आणि मग जावई हसायला लागले. आधी नुसते खांदे हलले, मग आवाज फुटला, मग गोणपाटावर मागं हात टेकून, आभाळाकडे तोंड करून, खळखळून. थांबायचे, नानांकडे बघायचे, घरजावई म्हणायचे आणि पुन्हा सुरू. नानांनाही मग आवरेना.

हसता हसताच पुढचं ठरलं. शेताला चर काढून पाणी बाहेर सोडायचं, लोहासाठी हिराकस, म्हणजे लोहाचा हिरवा क्षार, पाण्यात विरघळवून दोनदा फवारायची, युरियाचं नावही काढायचं नाही. निम्मं पीक हाती लागेल, जावई म्हणाले, त्याहून जास्त कबूल करत नाही. निम्मं तर निम्मं, नाना म्हणाले.

तेवढ्यात नानांचं लक्ष बांधाकडे गेलं. चिमणी येत होती. केंद्रावर भांडण झाल्याचं कुणीतरी तिच्या कानावर घातलं असावं, कारण ती जवळजवळ पळतच येत होती, एक चप्पल हातात, पदर कुठल्या कुठं. आणि निम्म्या बांधावर ती एकदम थांबली. जावयांची पाठ होती, त्यांना ती दिसली नाही. ते अजून हसतच होते. चिमणी तिथंच उभी राहून ऐकत राहिली. तिनं चप्पल खाली ठेवली आणि तोंडाला पदर लावला.

नानांनी तिला हाक मारली नाही. ऐकू दे, म्हटलं, पोटभर ऐकू दे तिला.